‘मॅडम, गेड कधी येईन?’ : अर्थसी पडद्यावर आणणाऱ्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ कादंबऱ्यांवर चित्रपट किंवा मालिका काढायचे हक्क आज ज्यांच्याकडे आहेत आणि उद्या ज्यांच्याकडे जातील ते सर्व निर्माते, दिग्दर्शक, पटकथाकार;
तसेच ते काम भारतात आणणारे वितरक आणि डबिंग करणारे.

सविनय जयभीम.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ज्या पोरांच्या वतीने लिहितेय त्यांना ते वाचता आलं पाहिजे. इंग्रजीत करून तुमच्याकडे वेगळं पाठवणारच आहे.

मी नागपूरला इंदोऱ्यात राहते. वस्तीतल्या विहाराच्या मागे एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी मी पोरांना पुस्तकं वाचून दाखवते. गेल्या दिवाळीपासून एप्रिलपर्यंत आम्ही एकच पुस्तक वाचलं, ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’. अर्थसी म्हणजे बेटांचं एक काल्पनिक जग, आणि गोष्ट तिथल्या गेड नावाच्या पोराची, जो पुढे जादूगार होतो. इंग्रजी पान समोर धरायचं आणि तोंडाने मराठी सांगत जायचं, असं. ही प्रत मला पूर्वी बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर मिळाली होती. पाठीचा कागद उसवलेला, आत कुणाच्या तरी हस्ताक्षरात शब्दांचे अर्थ. तेव्हापासून ते पुस्तक माझ्या घरात आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी मी ते पुन्हा वाचते.

पुस्तक संपलं तेव्हा पोरं म्हणाली, याचा पिक्चर आहे का? मी म्हटलं, आहे. मे महिन्यात एका ओळखीच्यांकडून प्रोजेक्टर आणला, भिंतीवर चादर लावली आणि अमेरिकन वाहिनीने 2004 साली काढलेली दोन भागांची मालिका दाखवली. नागपूरचा मे. कूलर लावला तर संवाद ऐकू येईनात, म्हणून कूलर बंद केला. बावीस पोरं घामाने निथळत सतरंजीवर बसून होती, पण एकही उठलं नाही. पडद्यावर नायक बराच वेळ बोलत-फिरत होता. आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, गेड कधी येईन?’

मी म्हटलं, ‘अगं, तोच तर आहे.’

तिने चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘हा?’

पुढे ती काही बोलली नाही. मालिका संपेपर्यंत सतरंजीचा एक धागा उसवत बसली होती. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

आता मुद्द्यावर येते.

पहिली तक्रार रंगाची. गेड काळासावळा आहे. हा माझा अंदाज नाही की ओढूनताणून काढलेला अर्थ नाही, पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. गाँट बेटावरची माणसं तांबूस-तपकिरी, तसाच गेड. त्याचा जिवाभावाचा मित्र वेच पूर्वेकडच्या बेटांवरचा, तो तर त्याच्याहूनही गडद, काळाच म्हणावा असा. आणि या पुस्तकात रंगाचा उल्लेख सर्वांत आधी कोणाचा येतो, ठाऊक आहे? गावावर चालून आलेल्या कार्गाद लोकांचा. ते गोरे, पिवळ्या केसांचे. तोवर वाचणारा गेडच्या बाजूने झालेला असतो, त्याच्या डोळ्यांनी बघत असतो, आणि मग सावकाश कळत जातं की आपण ज्याच्या कातडीत शिरून बसलो ती कातडी कोणत्या रंगाची आहे. ले ग्विन बाईंनी हे जाणूनबुजून असं रचलं होतं आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. 1968 साली, अमेरिकेत, स्वतः गोऱ्या असलेल्या बाईने मुलांसाठी लिहिलेल्या जादूगाराच्या गोष्टीत हे केलं.

आणि गोऱ्यांवर राग काढायला त्यांनी ते केलं असंही कोणी म्हणू नये. दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार ही त्याच कार्गाद लोकांतली, गोरी मुलगी. बाईंना एवढंच म्हणायचं होतं की जगात बहुतेक माणसं गोरी नाहीत, मग गोष्टीतली का असावीत?

2004 च्या मालिकेत गेड गोरा झाला. वेचही त्या रंगाचा राहिला नाही. मुख्य माणसांपैकी काळा राहिला तो गेडचा गुरू ओगियन. म्हणजे शिकवणारा वृद्ध काळा असलेला चालतो, ज्याच्यावर गोष्ट उभी आहे तो मुलगा मात्र चालत नाही. त्याच डिसेंबरात ले ग्विन बाईंनी जाहीर लेख लिहून सांगितलं की त्यांच्या पुस्तकातल्या माणसांना गोरं करून टाकलं आणि या कामात त्यांना कोणी विचारलं नाही. कागदावर त्या सल्लागार होत्या. त्याआधीही कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेडला गोरं करून झालं होतं आणि त्या भांडत आल्या होत्या. 22 जानेवारी 2018 ला त्या गेल्या. त्यांच्या जागी आता तक्रार करायची ती वाचकांनीच.

तुम्ही म्हणाल, ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता काळ बदलला. इथे, माझ्या गावात, दोन वर्षांपूर्वी काय झालं ते सांगते. उन्हाळी बालनाट्य शिबिरात याच गोष्टीवरून अर्ध्या तासाचं नाटक बसवलं. शिबिराचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि तसं करणारे ते एकटे नाहीत. गेडचं काम आमच्या गल्लीतल्या मुलाला मिळालं. मुलगा रंगाने गडद, आवाज खणखणीत. प्रयोगाच्या दिवशी मी आत गेले तर रंगभूषा करणारे गृहस्थ त्याच्या चेहऱ्यावर फिकट गुलाबी पॅनकेक थापत होते. मान तशीच, हात तसेच, चेहरा तेवढा वेगळा. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, लाइटमध्ये चेहरा उठून दिसायला पाहिजे ना ताई. पोरगा आरशात बघत होता आणि मान वर करून धरत होता, कॉलरला लागू नये म्हणून. प्रयोग झाल्यावर तो मागच्या नळावर तोंड धूत होता. पांढरट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी त्याला म्हटलं, काम फार चांगलं केलंस. तो म्हणाला, ‘निघालं का पुरं?’

ज्या गोष्टीत त्याला काही थापायची गरजच नव्हती अशी एक गोष्ट जगात होती. ती त्याला मिळाली आणि तिथेही थापलं. म्हणून मी हा मुद्दा सोडायला तयार नाही.

चेहरा चालतो की नाही याचा धंद्याचा हिशेब मला कळत नाही असं समजू नका. पण 2022 साली आलेला ‘झुंड’ नागपुरातच चित्रित झाला. त्यातली बरीचशी पोरं आमच्याच गल्ल्यांतली, कॅमेऱ्यापुढे कधी न उभी राहिलेली. अमिताभ बच्चन यांच्यासमोर ती उभी राहिली आणि कोणाला त्यांचे चेहरे उजळवायची गरज पडली नाही. चेहरे आहेत, शोधणारा पाहिजे.

दुसरी तक्रार नावाची, आणि ही मला रंगाइतकीच लागते.

अर्थसीत जादू म्हणजे नाव. प्रत्येक वस्तूचं, प्रत्येक जिवाचं एक खरं नाव आहे आणि ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणूस आपलं खरं नाव कोणाला सांगत नाही, चारचौघांत वापरायला हाकेचं नाव वेगळं. गेड हे खरं नाव, गावातली पोरं त्याला म्हणत ‘स्पॅरोहॉक’. मी मराठीत सांगताना ‘शिक्रा’ म्हटलं, तो पक्षी आमच्या अंबाझरीकडच्या झाडांवरही दिसतो. वेच हेही हाकेचंच नाव, एका रानवेलीचं. आपली लाखोळी त्याच कुळातली, म्हणून मी त्याला ‘लाखोळी’ केलं. भंडाऱ्याकडून आलेल्या दोन पोरांना ते इतकं आवडलं की पुढे पुस्तक संपेपर्यंत वेच कोणी म्हटलंच नाही.

आणि मग ती जागा येते. गेडने गर्वापायी भलतीच सावली जगात सोडलेली आहे, महागुरू त्यात जीव गमावून बसले आहेत, स्वतः गेड महिनोन् महिने आजारी पडून उठलाय, तोंडावर व्रण, बोलायचं बळ नाही, कोणी विश्वास ठेवावा अशी लायकी उरली नाही असं त्याला वाटतंय. तेव्हा वेच येतो आणि आपलं खरं नाव त्याला सांगतो, एस्टॅरिओल. समजावणं नाही की उपदेश नाही, आपला जीव नुसता त्याच्या हातात देतो. त्या रविवारी मी पुस्तक मिटलं तरी पोरं उठेनात.

2004 च्या मालिकेत या दोन नावांची अदलाबदल झाली. सगळी दुनिया त्याला उघडपणे गेड म्हणून हाक मारते आणि खरं, गुप्त नाव म्हणून शिक्रा निघतं. ज्यांनी पटकथा लिहिली त्यांच्या लेखी दोन्ही नुसते शब्द होते, हा नाही तर तो. आता माझ्या घरची गोष्ट ऐका, म्हणजे मला हे का सोसत नाही ते कळेल.

माझ्या आजोबांचं नाव ठेवलं होतं कचरू. आमच्याकडे त्या काळी अशीच नावं असत. कचरू, दगडू, धोंडी. चांगलं नाव ठेवलं तर वरच्यांना खपत नसे. ते एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर त्यांनी धम्म घेतला आणि घरी येऊन आजीला म्हणाले, आजपासून मला त्या नावाने हाक मारू नको. मिलच्या हजेरीपटावर शेवटपर्यंत कचरूच राहिलं. फोरमन त्याच नावाने ओरडायचा. पण घरात आजी त्यांना त्यांनी स्वतः घेतलेल्या नावाने हाक मारायची. माझी आत्या सांगते, त्या नावाने हाक आली की ते वेगळ्या चालीने चालत. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते घरातल्यांपुरतं आहे.

आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, सगळ्यांच्या आधी. गेड तेरा वर्षांचा होतो तेव्हा आर नदीच्या झऱ्याच्या गार पाण्यातून चालत पलीकडे येतो आणि ओगियन त्याच्या कानात नाव सांगतो. पोरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. तुम्हालाही नाव म्हणजे काय हे कळलं, तरच या गोष्टीला हात लावा.

तिसरी गोष्ट सावलीची. तक्रार म्हणू की विनंती, मलाच कळत नाही.

पुस्तकभर एक सावली गेडच्या मागे लागलेली आहे. तो पळतो, बेटामागून बेट पालथी घालतो, शेवटी ओगियन त्याला सांगतो, पळू नको, उलटा फीर, तिच्या मागे तू लाग. मग तो आणि वेच छोट्या नावेतून पूर्वेला, शेवटच्या बेटाच्याही पलीकडे जातात. समुद्राची वाळू होते. तिथे ती सावली समोर येते. गेड तिला तिच्या नावाने हाक मारतो, आणि ते नाव ‘गेड’ हेच असतं. तीही त्याच क्षणी तेच नाव उच्चारते. दोघं एक होतात. तो जिंकत नाही आणि हरतही नाही. एवढाच शेवट आहे.

आमच्या आज्यांच्या पिढीपर्यंत सावलीचा विटाळ मानत. पेशवाईत अस्पृश्याची सावली अंगावर पडू नये म्हणून, सवर्ण येत असेल तर त्याला रस्त्यावर यायला बंदी होती, हा दाखला बाबासाहेबांनी 1936 साली छापलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात दिला आहे. माझी आजी सांगायची, तिची आई उन्हात चालताना आधी सावली कोणत्या अंगाला पडते ते बघायची. आपली सावली ही लपवायची, आवरून धरायची वस्तू, हे ज्या घरांत चार पिढ्या चाललं, त्या घरांतली पोरं माझ्यासमोर सतरंजीवर बसून ऐकत होती की एक काळा पोरगा आपल्याच सावलीला मिठी मारतो आणि तिला स्वतःचं नाव देतो. मला पुढचं पान वाचायला वेळ लागला. एका मुलाने विचारलं, ‘मंग सावली कुठं गेली?’ दुसऱ्याने उत्तर दिलं, ‘कुठंच नाही गेली बे. त्याचीच होती.’

आता हे पडद्यावर येणार म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण पडद्याला खलनायक लागतो. 2006 साली जपानच्या स्टुडिओ जिब्लीने अर्थसीवर चित्रपट काढला. त्यात मुख्यतः तिसऱ्या पुस्तकाचा आधार आहे, थोडा चौथ्याचा. त्यातले समुद्र, शेतं, आभाळ फार सुंदर आहे आणि मी तो पोरांना पुन्हा दाखवीन. पण पहिल्याच काही मिनिटांत राजपुत्र अ‍ॅरन आपल्या बापाचा खून करतो. पुस्तकात असं काही नाही. आणि जगातलं सगळं बिघडलेपण कॉब नावाच्या एका दुष्ट जादूगारात कोंबून ठेवलंय. तो मेला, विषय संपला. ले ग्विन बाईंनी दिग्दर्शकाला चित्रपट चांगला आहे, पण हे माझं पुस्तक नव्हे, असं सांगितलं, आणि नंतर नेमकी हीच हरकत लिहून नोंदवली. त्यातही एक योग हुकला होता. जिब्लीचे नामवंत दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी स्वतः 1980 च्या दशकात परवानगी मागितली होती, तेव्हा बाईंनी त्यांचं काम पाहिलेलं नव्हतं म्हणून नाही म्हटलं. पुढे त्यांचे चित्रपट पाहून होकार दिला, तोवर चित्रपट त्यांच्या मुलाच्या हाती गेला होता.

बाई सिनेमाच्या विरोधात नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. मायकेल पॉवेल या ब्रिटिश दिग्दर्शकासोबत पहिल्या दोन पुस्तकांची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली होती. ती कधी चित्रित झाली नाही. काय बदलायचं आणि काय नाही हे त्यांना कळत होतं. मीही हट्टाने म्हणत नाही की पुस्तकातलं पान न् पान दाखवा. ओस्किल बेटाचा प्रवास छोटा करा, रोक बेटावरच्या जादूच्या शाळेतली दोन वर्षं गाळा, माझं काही म्हणणं नाही.

पण पाऊस गाळू नका. ओगियन आणि गेड डोंगरातून चाललेत, पाऊस कोसळतोय. गेडला राग येतो, एवढा मोठा जादूगार, ढग बाजूला सारता येत नाहीत का याला? ओगियन काही करत नाही. एका झाडाखाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. या एका दृश्यात पुढचं सगळं आहे. एका बेटावरचा पाऊस हटवला की तो कुठेतरी दुसरीकडे पडतो, तोल ढळतो. जादूचा चित्रपट म्हटलं की तुम्हाला हातातून ठिणग्या काढाव्याशा वाटतील, आणि हे दृश्य संथ आहे म्हणून आधी हेच कापलं जाईल. कॅमेरा त्या झाडाखाली पुरी दोन मिनिटं राहू द्या. पावसाचा आवाज येऊ द्या. पोरांना कंटाळा येईल अशी भीती असेल तर माझ्याकडे या. आमच्या खोलीत हे पान तीनदा वाचायला लावलंय.

आणि तेनार. तिचं पुस्तक, ‘द टूम्ब्स ऑफ अ‍ॅटुआन’, मी अजून पोरांना वाचून दाखवलं नाही, पावसाळ्यानंतर सुरू करणार आहे. लहानपणीच तिला आईपासून तोडून देवतांना वाहतात, नाव काढून घेतात आणि ‘खाल्ली गेलेली’ म्हणून ओळखतात. थडग्यांखालच्या भुयारांत उजेड नेणं हा मोठा अपराध. ती ते भुयार हातांनी आणि पावलांनी शिकते, किती वळणं, कुठे दार, कुठे खड्डा. मग एक दिवस तिथे उजेड दिसतो, चोराच्या काठीच्या टोकाला, आणि ती जागा ती जन्मात पहिल्यांदा डोळ्यांनी बघते. तिथपर्यंत पडदा अंधारात ठेवायची हिंमत करा. निळसर उजेड टाकून सगळं दाखवून मोकळे होऊ नका. तिच्या श्वासावरून, भिंतीला घासणाऱ्या बोटांवरून कळू द्या. ज्या मुलीला देवाला सोडून तिचं नाव पुसलं जातं, तिची गोष्ट महाराष्ट्रात परकी नाही. तेनारला प्रेमकथेतली नायिका करून टाकलंत तर ती पुन्हा एकदा खाल्ली जाईल.

आता वितरक आणि डबिंगवाल्यांना.

2022 च्या डिसेंबरात ‘अवतार’चा दुसरा भाग भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा सहा भाषांत लागला. मराठी त्यात नव्हती. दर वेळी हेच होतं आणि कारण दर वेळी एकच ऐकू येतं, मराठी माणसाला हिंदी कळतं. नागपूरबद्दल तर हमखास. आम्हाला हिंदी येतं, खरं आहे, बाजारात निम्मं हिंदीच बोलतो. पण कळणं वेगळं आणि कानात नाव सांगणं वेगळं. ते आईच्याच भाषेत होतं. सहा भाषांचा खर्च ज्यांना परवडतो त्यांना सातवीचा परवडेल.

आणि मराठीत कराल तेव्हा आमची बोली विनोदाला वापरू नका. नेहमी हेच बघत आलोय. नायक पुस्तकी मराठी बोलतो आणि गाढवपणा करणारा नोकर ‘मले’, ‘तुले’ म्हणतो. गाँट हे डोंगरातलं बकऱ्या राखणाऱ्यांचं बेट आहे. गेड बकऱ्या राखत मोठा झालाय, त्याचा बाप काशाचं काम करणारा कारागीर. रोकच्या शाळेत जॅस्पर नावाचा मुलगा त्याला हिणवतो तो याच गावंढळपणावरून. गेडच्या तोंडी आमची वऱ्हाडी-नागपुरी शोभेल, आणि ती शोभेल कारण तो नायक आहे. जॅस्परला हवी तेवढी शुद्ध भाषा द्या.

मागण्या या.

गेड, वेच, ओगियन आणि द्वीपसमूहातली बाकी माणसं पुस्तकात आहेत त्याच रंगाची हवीत. गोऱ्या नटाला रंग फासून नव्हे, त्या रंगाचे नट घेऊन. वेच गेडहून गडद आहे, तोही फरक ठेवा. जाहिरातीच्या पोस्टरवर चेहरे उजळवू नका, भारतात पोस्टर नव्याने छापताना तर मुळीच नाही.

हाकेचं नाव आणि खरं नाव यांची सरमिसळ करू नका. गेडचं खरं नाव पडद्यावर जितके लोक उच्चारतील ते मोजून ठेवा. पुस्तकात ते ज्यांना माहीत आहे त्यांच्या पलीकडे कोणाच्या तोंडी येऊ नये.

सावलीला तलवारीने मारू नका. शेवट वाळूवर, दोन माणसं, एक नाव आणि नावेत वाट बघणारा मित्र असाच हवा. त्याला युद्धाची जोड देऊ नका.

तेनारचं पुस्तक स्वतंत्र ठेवा, पहिल्या पुस्तकात मिसळून एका दमात उरकू नका.

मराठीत डब करा आणि ते काम मराठी लिहिणाऱ्या माणसांकडून करवून घ्या. हिंदीवरून मराठी करू नका.

शेवटची मागणी पोरांची आहे, त्यांनी मला लिहायला सांगितली. पात्रं ठरवण्याआधी, चित्रीकरण सुरू होण्याआधी, पुस्तक वाचलेल्या मुलांना विचारा. सगळीकडच्या. आमच्यातली जी मुलगी सतरंजीचा धागा उसवत बसली होती तिने गेडचं चित्र काढलंय, वहीच्या पाठपुठ्ठ्यावर, खडूने. तपकिरी खडू संपला म्हणून अर्ध्या तोंडाला तिने विटेचा तुकडा घासलाय. गालावर चार व्रण आहेत, खांद्यावर ओटाक नावाचं ते छोटं जनावर आहे, ते तिने मुंगसासारखं काढलंय. या पत्राच्या इंग्रजी प्रतीसोबत ते चित्र जोडतेय. मूळ चित्र द्यायला ती तयार नाही, म्हणून फोटो पाठवतेय. पात्रनिवडीच्या टेबलावर तो समोर ठेवावा.

उत्तर मराठीत किंवा इंग्रजीत, कोणत्याही भाषेत आलं तरी रविवारी सकाळी वाचून दाखवीन.

आपली,
रविवारच्या वाचनवर्गाची ताई,
इंदोरा, नागपूर